गटात सहाच रॅट का? पंजाच्या सुजेचा प्रयोग फॉर्म बी भरण्याआधी कसा बांधावा

एम.फार्म.च्या प्रबंधांत हमखास सापडणारा एक प्रयोग आहे. रॅटच्या मागच्या पंजात कॅराजीनन (समुद्री शेवाळातला, सूज आणणारा पदार्थ) टोचायचे, पंजा सुजू द्यायचा आणि आपला अर्क ती सूज किती रोखतो ते मोजायचे. विंटर, रिस्ली आणि नस यांनी 1962 मध्ये ही पद्धत मांडली. खर्च कमी, एका दिवसात निकाल, उपकरण एकच. त्यामुळे सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडाही मागच्या बॅचवरूनच येतो: कंट्रोल (औषधाविना), स्टँडर्ड (सूज उतरवणारे माहीत असलेले औषध), अर्काचे तीन डोस, प्रत्येक गटात सहा, एकूण तीस प्राणी. सहाच का, असे प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या समितीत कुणी विचारले तर उत्तर ठरलेले, "सगळेच घेतात."

या प्रयोगातले बहुतेक दोष सुई हातात घेण्याआधीच शिरलेले असतात. प्राणी जास्त वापरणे ही नीतिमत्तेची चूक आहे हे सगळ्यांना पाठ असते. पण इतके कमी वापरणे, की निकालावर विसंबताच येऊ नये, हीसुद्धा तेवढीच मोठी चूक आहे. मग तीसच्या तीस प्राणी फुकट जातात. म्हणून पुढचा निम्मा मजकूर फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी मागणारा अर्ज) भरण्याआधीच्या कामाचा आहे.

प्राण्यांपर्यंत पोहोचण्याआधी

रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांतले पहिले म्हणजे प्राण्याऐवजी दुसरे काही चालते का ते पाहणे. इथे ते खरोखर करता येते. आरएडब्ल्यू 264.7 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातल्या पदार्थाने) चेतवून अर्क नायट्रिक ऑक्साइड किंवा टीएनएफ-अल्फा ही दाहाची रसायने कमी करतो का, हे आधी बघा. पेशी मरणार नाहीत अशा मात्रेत काहीच दिसले नाही, तर रॅट मागवायची घाई करू नका.

वनस्पती असेल तर तिची ओळख अधिकृतपणे पटवून घ्या. महाराष्ट्रातले विद्यार्थी यासाठी बहुधा पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे किंवा आघारकर संशोधन संस्थेकडे जातात. जपून ठेवलेल्या नमुन्याचा व्हाउचर (ओळख) क्रमांक वहीत नोंदवा. संपूर्ण प्रयोगाला पुरेल एवढा अर्क एकाच बॅचचा काढा आणि निदान एका मार्कर (अर्काची ओळख ठरवणाऱ्या) संयुगाचे प्रमाण एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून ठेवा. पावसाळ्यात गोळा केलेल्या पानांचा अर्क आणि मार्चमधल्या पानांचा अर्क एकाच नावाने वापरला, तर पुढे कुणालाही, अगदी तुम्हालाही, तो निकाल पुन्हा मिळवता येणार नाही.

मुख्य मोजमाप एकच ठरवा

या प्रयोगात सूज टप्प्याटप्प्याने चढते. पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन, मग ब्रॅडिकायनिन आणि साधारण अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिन. इंडोमेथॅसिनसारख्या सूज उतरवणाऱ्या औषधाचा जोर या शेवटच्या टप्प्यावर असतो. म्हणून तिसऱ्या तासाची सूज (मिलिलिटरमध्ये, सुरुवातीचे आकारमान वजा करून) हे मुख्य मोजमाप ठरवणे सयुक्तिक आहे. बाकीच्या तासांची रीडिंग घ्या, आलेखात दाखवा, पण निर्णय तिसऱ्या तासावरच घ्या.

हे आधी लिहून ठेवले नाही तर काय होते ते प्रबंधांच्या तक्त्यांत दिसतेच. पाच वेळा, तीन डोस, म्हणजे पंधरा तुलना. कुठेतरी एक चांदणी (सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणाऱ्या फरकाची खूण) उमटतेच आणि निष्कर्षात तेवढीच झळकते.

डोसही कमी करा. 100, 200 आणि 400 मिग्रॅ/किलो असे तिन्ही घेण्यापेक्षा 200 आणि 400 पुरे. तुलनेचा क्रमही ठरवा: आधी 400 विरुद्ध कंट्रोल, आणि तिथे फरक सिग्निफिकंट आला तरच 200 विरुद्ध कंट्रोल. असा क्रम आधी जाहीर केला की अनेक तुलनांसाठी पी-व्हॅल्यूची (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेची) वेगळी दुरुस्ती लागत नाही. तीन डोस समान मानाने तपासायचे ठरवले, तर खालच्या उदाहरणात प्रत्येक गटात 12 ऐवजी 16 च्या आसपास रॅट लागतात.

संख्येचे गणित

तीन गोष्टी हव्यात. सुजेतला नैसर्गिक फरक म्हणजे एसडी (प्रमाण विचलन), आपल्याला महत्त्वाचा वाटणारा किमान फरक, आणि तो पकडण्याची शक्यता म्हणजे पॉवर (बहुधा 80 टक्के).

एसडीसाठी नवे प्राणी वापरू नका. विभागाच्या कपाटातले जुने प्रबंध काढा आणि त्यांतल्या कंट्रोल गटांचे आकडे घ्या. तिथे बहुतेक वेळा एसईएम (सरासरीची प्रमाण त्रुटी) छापलेले असते, कारण ते लहान दिसते. त्याला गटातल्या संख्येच्या वर्गमुळाने गुणले की एसडी मिळते. समजा तिसऱ्या तासाची कंट्रोलची सूज 0.80 ± 0.08 मिली लिहिली आहे आणि गटात 6 रॅट आहेत. 0.08 × 2.45 म्हणजे एसडी सुमारे 0.20 मिली.

आता किमान 30 टक्के घट महत्त्वाची मानली, तर फरक 0.24 मिली. फरक भागिले एसडी 1.2. दोन गटांच्या तुलनेचे ढोबळ सूत्र आहे: प्रत्येक गटात 15.7 भागिले या आकड्याचा वर्ग. 15.7 ÷ 1.44 = 10.9. लहान नमुन्याची दुरुस्ती धरली की 12. जी-पॉवर या मोफत प्रोग्राममध्ये हेच आकडे घालून पडताळा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट फॉर्म बी सोबत जोडा.

याच परिस्थितीत सहा-सहाचे गट घेतले तर पॉवर पन्नास टक्क्यांच्याही खाली जाते. अर्क खरोखर काम करत असला तरी निम्म्याहून अधिक वेळा तुम्ही "परिणाम नाही" असे लिहाल. दुसरा दोष याहून छुपा. एसडी 0.20 असताना सहा-सहाच्या गटांत टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना) सिग्निफिकंट यायला सरासरींत निदान 0.257 मिलीचा फरक दिसावा लागतो. खरा फरक मात्र 0.24 आहे. म्हणजे जो कोणी "सिग्निफिकंट" छापेल, त्याचा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेलाच असणार. मग दुसऱ्या कॉलेजात कुणी तोच प्रयोग करून कमी परिणाम मिळाला, की दोष त्याच्या हाताला लावला जातो.

सगळे गट सारखे असण्याचीही गरज नाही. इंडोमेथॅसिन (10 मिग्रॅ/किलो, तोंडावाटे) हा गट फक्त आज प्रयोग चालतोय ना, एवढे सांगण्यासाठी असतो. तुमच्या जुन्या नोंदींत ते निम्म्याहून जास्त सूज रोखत असेल, तर तिथे 6 पुरतात. म्हणजे कंट्रोल 12, अर्क 200 चे 12, अर्क 400 चे 12, इंडोमेथॅसिन 6, एकूण 42. नळीने थेट पोटात औषध देताना एखादा दगावू शकतो, म्हणून 4 जादा मागा. फॉर्म बीमध्ये नसलेला प्राणी ऐनवेळी आणता येत नाही. जादा न वापरलेल्या प्राण्यांचे काय करणार, तेही तिथेच लिहा.

फॉर्म बी आणि वेदनेचा प्रश्न

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे 1998 चे नियम यांच्या चौकटीत हे सारे चालते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती म्हणजे सीसीएसईए (जुने नाव सीपीसीएसईए). रॅट, माइस, गिनीपिग, ससे यांच्यावरच्या प्रयोगांना तुमच्या संस्थेची आयएईसी (प्राणी नीतिमत्ता समिती) मंजुरी देते. तिच्यात सीसीएसईएने नेमलेला प्रतिनिधी आणि विज्ञानाबाहेरचा सामाजिक भान असलेला सदस्यही असतो. लिहिताना या शेवटच्या सदस्याला डोळ्यासमोर ठेवा. त्याला कळेल असे लिहिलेत, तर तुमचेही विचार स्वच्छ होतात.

हाच प्राणी का, एवढीच संख्या का आणि वेदना किती, हे प्रश्न फॉर्ममध्ये थेट आहेत. "वेदना होणार नाही" असे लिहू नका. सुजलेला पंजा दुखतो. वेदनाशामक दिले तर मोजायची सूजच उतरते, म्हणून ते देता येत नाही, हे कारण सरळ मांडा. मग त्रास कमी कसा करणार ते लिहा: एकाच पंजात, एकदाच टोचणे; पाच तासांनंतर प्रयोग संपवणे, चोवीस तास न ताणणे; खाली मऊ बिछायत; पाण्याच्या बाटलीची नळी लंगडणाऱ्या प्राण्याला पोहोचेल एवढी खाली. प्राण्याला मधेच कधी बाहेर काढायचे तेही ठरवा: पंजाची कातडी फाटली, प्राणी पंजा चावू लागला किंवा एका बाजूला पडून राहिला, तर लगेच.

प्रयोगाअखेरीस कार्बन डायऑक्साइड वापरणार असाल तर अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के वायू सोडतात. 20 लिटरच्या पेटीसाठी मिनिटाला 6 ते 14 लिटर. त्यासाठी फ्लोमीटर लागतो. सिलिंडरची चावी अंदाजाने फिरवणे चालणार नाही. मृत्यूची खात्री दुसऱ्या उपायाने करा.

गट पाडणे

प्राणी नोंदणीकृत ब्रीडरकडून आणा आणि निदान सात दिवस ॲनिमल हाऊसमध्ये रुळू द्या. 180 ते 220 ग्रॅमचे विस्टर जातीचे रॅट चालतील. तापमान 22 अंशांच्या आसपास, 12 तास उजेड आणि 12 तास अंधार. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा खोली किती तापली हे सकाळी येऊन कळत नाही, म्हणून कमाल-किमान तापमापी टांगा आणि रोज वाचा. बिछायतीला भाताचे तूस वापरत असाल तर ते ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) आणि सर्व पिंजऱ्यांत एकाच पोत्यातले हवे.

पिंजऱ्यात हात घालून जो येईल तो पहिल्या गटात, ही पद्धत सोडा. आधी हाती लागतो तो सुस्त किंवा धीट. तुमचा कंट्रोल गट सुस्तांचा बनतो आणि शेवटचा गट पळपुट्यांचा.

प्रयोग दोन दिवसांत विभागा, दर दिवशी 21 रॅट, सहा पिंजरे: तीन पिंजऱ्यांत चार-चार, तीन पिंजऱ्यांत तीन-तीन. प्रत्येक पिंजऱ्यात कंट्रोल, 200 आणि 400 यांचा एकेक, आणि चारच्या पिंजऱ्यात चौथा इंडोमेथॅसिनचा. कोणता रॅट कशात, हे एक्सेलच्या रँड फंक्शनने ठरवा. यात एक खोच आहे. शीटमध्ये कुठेही काही टाइप केले की ते आकडे पुन्हा बदलतात. म्हणून आकडे आले की लगेच कॉपी करून "व्हॅल्यूज" म्हणून पेस्ट करा आणि छापील प्रत सही-तारखेसह पाकिटात बंद करा. टोचण्याचा आणि मोजण्याचा क्रमही असाच यादृच्छिक ठेवा. आधी सगळा कंट्रोल, शेवटी सगळा 400, असे केले तर औषधाचा परिणाम आणि दुपारच्या वेळेचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

दोन दिवस केल्याने निकाल बिघडेल असे वाटते, पण उलट आहे. 1999 मध्ये क्रॅब आणि सहकाऱ्यांनी आल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड इथल्या तीन प्रयोगशाळांत माइसच्या त्याच जाती आणि जमेल तेवढी एकसारखी परिस्थिती ठेवून त्याच चाचण्या घेतल्या. तरीही काही निकाल जागेप्रमाणे बदललेच. एकाच दिवशी, एकाच हाताने मिळालेला निकाल त्या दिवसापुरताच खरा असू शकतो. दोन्ही दिवशी कल सारखा आला तर तुमचा हात बळकट होतो.

कोणाला काय दिले हे लपवणे

अर्क काळपट हिरवा, कंट्रोल म्हणजे नितळ अर्धा टक्का सोडियम सीएमसी (अर्क ज्यात कालवतात ते दाट द्रावण). सिरिंज पाहताच गट कळतो. उपाय असा: औषधे भरणारी व्यक्ती वेगळी ठेवा. तिने प्रत्येक रॅटची सिरिंज अपारदर्शक टेपने गुंडाळून तिच्यावर फक्त रॅटचा क्रमांक लिहायचा. गटाला ए, बी, सी अशी अक्षरे देऊ नका, कारण एका बी-रॅटचा पंजा सुजला नाही की सगळे बी ओळखले जातात. अर्काचे डाग तोंडाला राहतात, म्हणून मदतनिसाने रॅट फडक्यात गुंडाळून फक्त मागचा पाय मोजणाऱ्यापुढे धरायचा.

मोजणाराच प्रबंध लिहिणारा असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. प्लेथिस्मोमीटरवर (पाय द्रवात बुडवून त्याचे आकारमान मोजणाऱ्या उपकरणावर) पाय खुणेच्या केसभर वर-खाली बुडवला तरी रीडिंग बदलते, आणि मन कुठे झुकते ते आपल्यालाही कळत नाही.

प्रयोगाचा दिवस

आदल्या रात्री अन्न काढा, पाणी ठेवा. वजन सकाळी, उपाशीपोटी घ्या. आदल्या दिवशीच्या वजनावर डोस काढला तर तो जास्त जातो. औषध 10 मिली/किलो या मापाने द्या: 180 ग्रॅमच्या रॅटला 1.8 मिली. 200 मिग्रॅ/किलोसाठी मिश्रण 20 मिग्रॅ/मिली, 400 साठी 40. सीएमसीतला अर्क तळाशी बसतो, म्हणून सिरिंज भरताना मिश्रण ढवळत ठेवा आणि देण्याआधी सिरिंज उलटसुलट करा. नळी गोल टोकाची, 16 ते 18 गेजची. अडकल्यासारखे वाटले की दाब देऊ नका, बाहेर काढून पुन्हा घाला.

कॅराजीनन लॅम्डा प्रकारचे घ्या. कप्पा प्रकार जेली बनवतो आणि सुईतून नीट जात नाही. 0.9 टक्के सलाइनमध्ये 1 टक्का. पूड एकदम ओतली की बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात. चुंबकी स्टिररवर हळूहळू भुरभुरा, दोन-तीन तास फुगू द्या, पुन्हा ढवळा. लॉट क्रमांक लिहा. लॉट बदलला तर सुजेचे प्रमाणही बदलू शकते.

वेळापत्रक प्रत्येकी दोन मिनिटांच्या फरकाने आखा. नऊला पहिल्या रॅटला औषध, नऊ-चाळीसला एकविसाव्याला. दहाला पहिल्याचे शून्य-रीडिंग आणि लगेच कॅराजीनन, दहा-चाळीसला एकविसाव्याचे. अकरा, बारा, एक, दोन, तीन वाजता त्याच क्रमाने रीडिंग. एक फेरी 42 मिनिटांची, मधे 18 मिनिटे उसंत. छत्तीस रॅट एकाच दिवशी घेतले तर फेरी 72 मिनिटांची होते आणि पुढचा तास सुरू झाला तरी मागची संपत नाही. मग वहीत "3 तास" लिहिलेले रीडिंग प्रत्यक्षात साडेतीन तासांचे असते.

शून्य-रीडिंगआधी उजव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावर पक्क्या शाईच्या पेनने आडवी रेघ मारा आणि प्रत्येक वेळी पाय त्या रेघेपर्यंतच बुडवा. रेघ पुसट झाली तर त्याच जागी गडद करा. दोनदा मोजून सरासरी घ्या. पाऱ्याचे जुने उपकरण असेल तर ते निवृत्त करा. सांडलेला पारा ॲनिमल हाऊसमधून पुरता निघत नाही. पाण्यावर चालणाऱ्या डिजिटल उपकरणात दर फेरीआधी पातळी आणि कॅलिब्रेशन तपासा, कारण प्रत्येक पाय थोडे पाणी घेऊन जातो.

टोचताना 26 गेजची सुई, 0.1 मिली, तळव्याच्या कातडीखाली, बोटांकडून टाचेच्या दिशेने. सुई काढण्याआधी चार-पाच सेकंद थांबा, नाहीतर थेंब बाहेर येतो. थेंब आलाच तर त्या रॅटची तिथल्या तिथे नोंद करा. "स्पष्ट गळती झाली तर रॅट वगळणे" हा नियम आधीच लिहिलेला असला, तरच तो वगळा. तोही पाकीट फोडण्याआधी.

कोण टोचते हेही लिहा. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले, की पुरुष संशोधकाच्या वासानेही माइस आणि रॅट ताणाखाली येतात आणि त्यांची वेदना दबते. म्हणून दोन्ही दिवशी टोचणारा, धरणारा आणि मोजणारा यांची कामे अदलाबदल करू नका.

आकडे हाताळताना

"टक्के प्रतिबंध" म्हणजे कंट्रोलची सरासरी 0.80 आणि अर्काची 0.56 असेल तर 30 टक्के. हा गटाचा आकडा आहे, प्रत्येक रॅटचा नाही. चाचणी मिलीमधल्या सुजेवर करा आणि टक्के शेवटी फक्त वाचकाच्या सोयीसाठी द्या. एका पायाची दोन रीडिंग घेतली म्हणून संख्या दुप्पट होत नाही, संख्या रॅटची. औषध पिण्याच्या पाण्यातून दिले असते तर मात्र एकक पिंजरा झाला असता.

विश्लेषणात गटासोबत दिवस आणि पिंजरा हे घटक घ्या. जॅमोव्ही किंवा आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्राममध्ये हे फुकट होते. आलेखात बार आणि एसईएमऐवजी प्रत्येक रॅटचा ठिपका दाखवा. बारा ठिपके बघून वाचकाला जे कळते ते "पी < 0.05" मधून कळत नाही. फरकासोबत 95 टक्के विश्वासांतरही (खरा फरक ज्या दोन आकड्यांदरम्यान असावा ती कक्षा) द्या.

इंडोमेथॅसिन गटात सूज उतरलीच नाही, तर अर्काबद्दल काहीही बोलू नका. कॅराजीनन, डोस किंवा मोजणी यांत बिघाड आहे, तो आधी शोधा. इंडोमेथॅसिन चालले आणि अर्क चालला नाही, तर तो खरा नकारात्मक निकाल आहे आणि तो छापण्यासारखा आहे.

अराइव्ह 2.0 या प्राणीप्रयोग कसे मांडावेत हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकेची (2020) दहा आवश्यक कलमे प्रबंध लिहायला घेताना उघडण्यापेक्षा फॉर्म बीसोबतच उघडा. संख्या, वगळण्याचे नियम, यादृच्छिकता, ब्लाइंडिंग (कोणाला काय दिले हे लपवणे) आणि मुख्य मोजमाप तिथे विचारलेलेच आहे. तोच आराखडा तारखेसह प्रीक्लिनिकल ट्रायल्स डॉट ईयू किंवा ओएसएफ या संशोधन-आराखडे नोंदवणाऱ्या संकेतस्थळांवर नोंदवा. वहीची पाने क्रमांकित, खोडाखोड एका रेघेने, सही आणि तारखेसह. प्राणी आणले, वापरले आणि संपवले याची फॉर्म डी नोंद त्याच दिवशी करा. महिन्याअखेरीस आठवून भरलेला फॉर्म डी तपासणीत लगेच ओळखू येतो. प्रबंधासोबत कच्च्या आकड्यांची फाइल द्या: रॅट क्रमांक, पिंजरा, दिवस, वजन, टोचण्याची वेळ, सहाही रीडिंग, आणि वगळलेल्या प्रत्येक रॅटसमोर कारण.